साडीच्या दुकानातली भुतं

भूत दिसायची वेळ आली की आप्पा मोबाईल गादीवर पालथा घालत, त्यावर तळहात ठेवत आणि म्हणत, “थांब माय, जरा दम खा.” मग कपाळावरचा घाम पंच्यानं पुसत, रस्त्यावरून कोणी गिऱ्हाईक येतंय का बघत, आणि दोन मिनिटांनी मोबाईल परत सुलटा करून विचारत, “हां, बोल आता. काय पाहिजे तुला?”

मुखेडच्या बाजारपेठेत आप्पांचं साड्यांचं दुकान होतं. नाव सांगत नाही. आमच्याकडे गल्लीगणिक एक आप्पा असतोच, तुम्हीही पाहिला असेल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा नेहरू शर्ट आणि हातात सतत एखाद्या साडीची घडी. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेतली होती. शाळा सकाळची, त्यामुळे बारा-साडेबाराला मी जिन्यापाशी पोचायचो, आणि जिना दुकानातूनच वर जायचा. सहा वर्षं मी त्या दुकानातून वर गेलो आणि खाली आलो. त्यातल्या निम्म्या दुपारी तरी मधेच अडकलो.

“सर, जरा बसा. खाली इंग्रजीत काय लिहून येतंय तेवढं वाचा.”

पहिल्यांदा मला वाटलं, मोबाईलवर काही सरकारी निरोप आला असेल. पाहतो तर एक बाई. लांब ओले केस तोंडावर आलेले, अंगात पांढरं, आणि ती एका बंद कपाटातून हळूहळू बाहेर येत होती. बाहेर ऊन रणरणत होतं, समोर पंक्चरवाला ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे बघत होता, आणि आप्पा पद्मासन घालून गादीवर जपानी भूत बघत बसले होते.

मुलीनं बापाला प्रवचनं ऐकता यावीत म्हणून तो मोबाईल घेऊन दिला होता. प्रवचनांवरून हे भुतांवर कसे पोचले, ते त्यांनाही सांगता येत नसे. “आपोआप आलं बघा,” एवढंच म्हणत. पण एकदा आल्यावर सोडलं नाही. कोरियाचे, जपानचे, थायलंडचे, इंडोनेशियाचे सिनेमे. भाषा एकही कळत नव्हती. हिंदीत आवाज दिलेले मिळायचे, ते त्यांना चालत नसत. “हिंदी बोलायला लागलं की भुताची सारी वजनदारी जाती.”

देश ते कपड्यावरून ओळखत. “हे रेशीम बघा, जपानचं. पट्टा किती रुंद बांधलाय. आणि ही कमरेला फेरा देऊन खोचली, ती थायलंडची.” भुताच्या पांढऱ्या कपड्यातही त्यांना फरक दिसे. एकदा अत्यंत भीतीदायक प्रसंग चालू होता, बाई छताला चिकटून खाली बघत होती, मी श्वास रोखून धरलेला, आणि आप्पा म्हणाले, “मलमल न्हाई ही. पॉपलीन हाय. मलमल असती तर लोंबली असती.”

आता तुम्ही म्हणाल, माणसाला नाद असतो, त्यात सांगण्यासारखं काय. पण मला त्या माणसाचं कोडं सुटत नव्हतं, ते वेगळ्या कारणासाठी. आप्पा पक्के लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की लिंगैक्य झाला. शिवात मिसळला, संपलं. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. कोणाच्या अंगात येणं, बाधा होणं, याची आप्पा भर दुकानात टिंगल करीत. करणी काढणारा कोणी गल्लीत आला तर त्याला पाणीसुद्धा विचारत नसत.

मी एकदा विचारलं, “आप्पा, तुमच्यात भूत होतच नाही ना?”

“न्हाई. सोयच न्हाई तशी.”

“मग हे बघता कशाला?”

त्यांनी हातातली साडी दोनदा घडी केली, दोनदा मोडली. “तेच समजून न्हाई राहिलं,” म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मान किंचित डावीकडे कलती करून म्हणत. माझ्या कानात अजून आहे.

एकदा मी त्यांना इंग्रजी भुताचा सिनेमा लावून दिला होता. अर्ध्या तासात त्यांनी बंद केला. “हे नुसतंच मारत सुटलंय. कशापायी मारतंय, त्याला तरी ठाऊक हाय का? आपल्याकडच्याचं तसं न्हाई.” आपल्याकडचं म्हणजे कोरियाचं आणि जपानचं, हे मी समजून घ्यायचं. “ती लोकं बघा, चपला बाहेर काढतात. जमिनीवर बसून जेवतात. मेलेल्या माणसाच्या फोटोपुढं भाताची वाटी ठेवतात. सासू हाय, नणंद हाय. त्यांचं भूत दुष्ट नसतंय सर. दुखावलेलं असतंय. कायतरी राहिलेलं असतंय तिचं. ते एकदा कळलं, दिलं, की ती जाती.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर राहती.”

मी खालच्या ओळी वाचून मराठीत सांगायचो, पण आप्पांची स्वतःची गोष्ट आधीच तयार असे. एका सिनेमात नवं जोडपं भाड्याच्या घरात राहायला येतं आणि तिथं एक बाई दिसू लागते. मी वाचून सांगितलं, ही आधीच्या भाडेकरूची बायको. आप्पा म्हणाले, “न्हाई. हा नवरा तिला ओळखतोय. त्याचं बघणं बघा.” मी म्हणालो, अहो, खाली स्पष्ट लिहिलंय. ते म्हणाले, “लिहिलं असंल. ती लोकं खोटं बोलून राहिली आहेत.” शेवटी निघालं तेच. नवऱ्याची ती पहिली बायको होती. मी इंग्रजीचा मास्तर, सगळं वाचून चुकलो होतो. आप्पांनी विजयाचा काही आव आणला नाही. मोबाईल बंद करत एवढंच म्हणाले, “घरातलाच माणूस असतो, सर. दरवेळी. भूत परक्याला धरत न्हाई.”

दुकानाच्या मागं घर. मधल्या दारातून आप्पांच्या बायकोचा हात चहाचे दोन कप घेऊन बाहेर येई. मागोमाग त्या स्वतःही येत, पण उंबऱ्यापलीकडे थांबत. मूळच्या देगलूरच्या. बोलताना मधेच कन्नड, मधेच तेलुगू शब्द येई आणि मग त्या स्वतःच हसत. त्यांना भुतांचं काहीच कौतुक नव्हतं. “बघा, बघा. आणि अंधार पडला की मोरीपर्यंत मला सोबत न्या,” असं नवऱ्याला ऐकवत. एकदा उंबऱ्यावरूनच त्यांनी पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला म्हणाल्या, “कोणापाशी बोलली असती जित्ती असताना, तर ही पाळी आली असती का हिच्यावर?” आणि कप घेऊन आत गेल्या.

आमच्या ओळखीच्या पाचव्या वर्षी त्या गेल्या. पोटात दुखतंय म्हणाल्या, चार दिवस अंगावर काढलं, मग नांदेडला नेलं. आठवड्यात सगळं आटोपलं. मी शवयात्रेला होतो. त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून नेलं, बसवूनच समाधी दिली. स्वामींनी मंत्र म्हटले, बेलाची पानं पडली, माती ओढली. आप्पा एका बाजूला हात बांधून उभे होते. रडले नाहीत. घरी परतताना मला म्हणाले, “बसून गेली. चांगलं झालं,” आणि मला त्याचा अर्थ लागला नाही.

महिनाभर दुकानात मोबाईल दिसला नाही. मला वाटलं, सुटला नाद. मग एका दुपारी मी जिन्यावर पाय ठेवला आणि हाक आली.

“सर, बसा जरा.”

मी बसलो. त्यांच्या हातात मोबाईल नव्हता.

“तुम्ही वर राहता. तिचं बोलणं तुमच्या कानावर येत असंल. तिचं काही राहिलं होतं का?”

“म्हणजे?”

“इच्छा. हौस. काहीबी.”

मी आठवून पाहिलं. म्हणालो, “नाही आप्पा. समाधानी होत्या.”

त्यांचा चेहरा पडला. असा पडला, जणू मी काही वाईट बातमी दिली असावी.

पुढं कळलं, ते सगळ्यांना हेच विचारत होते. भजनाच्या बायकांना विचारलं, बांगड्यांच्या दुकानातल्या कासाराला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं, लातूरला दिलेल्या मुलीला फोन करून विचारलं. सगळीकडून एकच उत्तर. समाधानी बाई. लोक हे चांगल्या मनानं सांगत, आणि आप्पा दर वेळी जास्त बेजार होऊन परत येत.

“समाधानी, समाधानी!” एकदा माझ्यावर ओरडलेच. “सारं गाव तेच म्हणून राहिलंय. मग मी काय करू? बसू असाच?”

मला तेव्हा लख्ख कळलं आणि त्याच क्षणी मी गोंधळलोही. ज्या बाईचं काही राहिलं नाही ती परत येत नाही. आप्पा आपल्या बायकोचं राहिलेलं काहीतरी शोधत होते. पण भूत नसतं, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं. मग हे शोधणं कशासाठी होतं? मी ते त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मला ठाऊक होतं.

दिवाळीच्या आधी मुलगी आईची कपाटं आवरायला आली. दुपारी मी शाळेतून आलो तर दुकानाचं अर्धं शटर ओढलेलं. आत गादीवर आप्पा बसलेले आणि त्यांच्यापुढं एका जुन्या चादरीवर साड्या मांडलेल्या. सोळा. कडुनिंबाची वाळकी पानं मधे मधे. प्रत्येक साडीच्या पदराच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, म्हणजे कोणाला तरी देण्यासाठी काढून ठेवलेल्या. एकही नेसलेली नव्हती.

“साऱ्या माझ्याच दुकानातल्या,” आप्पा म्हणाले. “ही नारायणपेठ, पुढच्या पेठेत आग लागली त्या वर्षीची. ही इरकल. ही जॉर्जेट, नवीन आली तेव्हा पहिल्याच गठ्ठ्यातली. दर दिवाळीला एक मागून घ्यायची. मला वाटायचं, देत असंल कोणाला. भांडेवालीला, नात्यातल्या पोरीबाळींना.”

मुलगी मधल्या दारात उभी होती. ती म्हणाली, “मावशीच्या आहेत.”

पाच वर्षांत मी त्या घरात मावशीचं नाव ऐकलं नव्हतं. आप्पांनीच सांगितलं, साड्यांकडे बघत, जसं काही त्यांनाच सांगत होते. बायकोची धाकटी बहीण, एकुलती एक. तिनं जातीबाहेर लग्न केलं, देगलूरच्याच एका तेलुगू मेकॅनिकशी. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी आप्पा घरात म्हणाले होते, यापुढं तिचं नाव या घरात निघता कामा नये.

“आणि हिनं काढलं न्हाई, सर. भांडली न्हाई, रडली न्हाई. सोळा वर्षांत एकदा बी नाव काढलं न्हाई. मला वाटलं, विसरली.”

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “एवढे पिक्चर बघितले मी. घरातलाच माणूस असतो, घरातलाच असतो, म्हणत बसलो.”

मला वाटलं, आता ते दुसऱ्याच दिवशी देगलूरला जातील. गेले नाहीत. साड्या परत चादरीत बांधून त्यांनी गादीमागच्या फळीवर ठेवल्या. दिवाळी आली आणि गेली. मी विचारलं तर म्हणाले, “नेऊन दिल्या तर ती मोकळी होईल.”

“मग चांगलंच आहे ना?”

“चांगलंच हाय की.” फळीकडे बघत म्हणाले, “मोकळी झाली म्हणजे गेली.”

“आप्पा,” मी मास्तरकी केलीच, “भूत-बित काही नसतं.”

“ते मलाबी ठाऊक हाय, सर. ते कुठं विचारून राहिलोय मी?”

“मग काय विचारताय?”

मान डावीकडे कलली. “तेच समजून न्हाई राहिलं.”

खरं सांगतो, मलाही समजत नव्हतं. बायकोचं राहिलेलं सापडावं म्हणून हा माणूस गावभर हिंडला. सापडलं ते त्याच्याच हातून झालेलं. ते फेडणं त्याच्याच हातात होतं, आणि फेडलं की ती कायमची जाणार असं त्याला वाटत होतं. न फेडावं तर तिला अडकवून ठेवण्याचं पाप. आणि या सगळ्यात तो स्वतः म्हणणार की ती केव्हाच शिवात मिसळली, अडकायला आहे कोण?

बाजाराच्या दिवशी एक शेतकरीण सून घेऊन आली होती. दहा साड्या पाहिल्या, एकही पसंत पडेना. मग तिचं लक्ष फळीवरच्या चादरीकडे गेलं. चादरीतून गर्द हिरव्या साडीचं टोक बाहेर आलेलं. “ती दाखवा की, आप्पा.”

“ती न्हाई.”

“का? दाखवायला काय होतंय?”

“विकायची न्हाई ती!” आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी अर्ध्या जिन्यावरून परत खाली आलो. गिऱ्हाइकाला तोडून बोलणं त्या माणसानं जन्मात केलं नव्हतं. बाई सुनेला घेऊन निघून गेली. आप्पा पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागले. मग म्हणाले, “उद्या रविवार हाय. देगलूरला चलता का माझ्यासंगं? मला एकट्याला जमायचं न्हाई.”

सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. गाठोडं त्यांनी वर ठेवू दिलं नाही, मांडीवरच घेतलं. घर शोधायला त्रास पडला नाही. गावाच्या कडेला गॅरेज, त्याला लागून घर, पुढं शहाबादी फरशीची ओसरी. एका ट्रॅक्टरखालून दोन पाय बाहेर आले होते, ते त्या बहिणीच्या नवऱ्याचे.

मी हाक मारली. दार उघडून बाई बाहेर आली, आणि आप्पा एक पाऊल मागं सरकले.

तीच. तोच चेहरा, दारात उभं राहायची तीच पद्धत, उंबऱ्याच्या आत. केस कमी पिकलेले, एवढाच फरक. मीसुद्धा दचकलो, खोटं कशाला बोलू. आप्पा ओसरीच्या फरशीवर मटकन बसले.

ती गाठोड्याकडे बघत म्हणाली, “आलात, दाजी.”

आप्पांनी गाठोडं सोडलं, आणि ज्याची हाताला सवय होती ते केलं. एकेक साडी उलगडून फरशीवर पसरत गेले, पदर वर येईल असा, काठ दिसेल असा. सोळाच्या सोळा.

“तिनं ठेवल्या होत्या. तुझ्यासाठी,” शेवटी म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं.”

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“अक्का फोन करायची की. दर सोमवारी. तुम्ही देवळात गेलात की.”

“दर सोमवारी?”

“हाव.”

आप्पा साडीचा काठ धरून तसेच राहिले. “मग तिचं काही... राहिलं न्हाई म्हण की.”

“ह्या साड्या राहिल्या. पाठवू का म्हणायची दरवर्षी. मीच नको म्हणलं. म्हणलं, ज्या माणसानं माझं नाव बंद केलं त्याच्या दुकानातली साडी मी नेसणार न्हाई, त्यानं स्वतः आणून दिल्याबगर. मी हट्टाची. ती म्हणायची, आणतील की. ठेवत गेली.”

एवढ्यात नवरा हात पुसत आला. त्यानं आप्पांना ओळखलं, आत जाऊन चार कप चहा घेऊन आला. आम्ही ओसरीवरच प्यायलो. ती उंबऱ्याच्या आत, आम्ही बाहेर.

मग ती पुढं आली, खाली बसली आणि साड्या चाळू लागली. गिऱ्हाईक चाळतं तशी. पोत बघितला, काठ बघितला, दोन बाजूला सारल्या, परत जवळ ओढल्या. आप्पा न राहवून म्हणाले, “ती इरकल चांगली हाय. रंग जायचा न्हाई.” तिनं गर्द हिरवी उचलली.

“ही घेते.”

“साऱ्या तुझ्याच आहेत.”

“बाकीच्या घेऊन जा. दिवाळीला एकेक आणा. दरवर्षी.”

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले. मरखेल मागं पडल्यावर बोलले, “दर सोमवारी बोलत होती बघा. मी घंटा वाजवून राहिलो, आणि ही घरी फोनवर.” हसत होते. मला वाटलं हसत होते. मग पंचा तोंडाला लावला आणि खूप वेळ काढला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मला वाटलं, मनात दाटून ठेवून गेली. ती तर बोलून मोकळी होत होती. मला दुखवायचं नव्हतं म्हणून चोरून बोलली का मला भिऊन?” त्यांना बरं वाटत होतं की वाईट, तेही मला ओळखता आलं नाही, आणि त्यांना तरी आलं असेल असं वाटत नाही.

पुढं मोबाईल पुन्हा सुरू झाला. पण मला वाचायला बसवणं बंद केलं. “राहू द्या. लिहिलेलं कळलं म्हणून काय होतंय,” म्हणाले. वर्षभरात गुडघे गेले, डोळ्याला मोतीबिंदू झाला, आणि मुलीनं त्यांना लातूरला नेलं. दुकान भाड्यानं गेलं. मीही बदलीवर उदगीरच्या बाजूला गेलो. अधूनमधून फोन होई. दर दिवाळीला लातूरहून देगलूर करतात, एवढं कळायचं. मुलगी गाडी करून देते म्हणाली तरी ऐकत नसत, एसटीनंच जात.

यंदा दिवाळीच्या दोन आठवडे आधी मुलीचा फोन आला. मी लातूरला पोचलो तेव्हा आप्पांना बसवलेलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात हार. स्वामी आले, सगळं रीतीनं झालं. बायकांच्या घोळक्यात मला देगलूरची ती बाई दिसली. सोबत नवरा नव्हता, एकटीच आली होती.

माती दिल्यावर लोक पांगले. मी बसस्टँडवर आलो, तर बाकावर ती. देगलूरच्या गाडीला वेळ होता. मी शेजारी बसलो. तिनं ओळखलं.

“तुम्ही सर ना? त्या दिवशी संगं आला होतात.”

मी हो म्हणालो. थोडा वेळ आप्पांविषयी बोलणं झालं. मग ती एकदम म्हणाली, “सर, तुम्हाला म्हणून सांगते. दरवर्षी साडी घेऊन यायचे, ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि जाताना विचारायचे, अक्का तुझ्या सपनात येती का?”

“मग?”

“पहिल्या वर्षी खरं सांगणार होते. न्हाई येत. एकदाबी आली न्हाई. पण एवढ्या लांबून आलेला माणूस. तोंडाकडं बघवेना. म्हणलं, येती की. तर काय झालं, असे सावरून बसले आणि म्हणाले, सांग. मग सांगितलं कायतरी. अक्का परसात आली, पाय धुतले, बघून गेली. पुढल्या वर्षी परत विचारलं. मग मी आधीच ठरवून ठेवू लागले. दिवाळी जवळ आली की सैपाक करताना तेच डोक्यात. यंदा अक्का कुठून येईल, काय नेसून येईल. ते मधे मधे विचारायचे. केस मोकळे होते का बांधलेले? साडी कोणती होती, काठ कसा होता? मला बारकं बारकं सांगावं लागायचं. घाबरायचे पण. हात असा फरशीवर दाबून धरायचे. आणि म्हणायचे, हां, मग पुढं?”

“त्यांना कळत होतं का, तुम्ही बनवून सांगता ते?”

“कधी वाटायचं, कळतंय. कधी वाटायचं, न्हाई. मला अजून समजलं न्हाई.”

देगलूरची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराकडे धावली. ती उठली नाही.

“यंदाची तयार होती?” मी विचारलं.

“हाव. चार वर्षं अक्काला मी मुकीच ठेवली होती. नुसती यायची, बघायची, जायची. यंदा बोलायला लावणार होते.” तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. “सर, मी त्यांना कधी आत या म्हणलं न्हाई. चार वर्षं ओसरीवरच बसवलं. तेबी कधी आत आले न्हाईत. मला म्हणायचं असायचं, पण तोंडातून निघायचंच न्हाई. म्हणून ठरवलं, यंदा अक्का म्हणंल.”

“काय?”

ती जरा सावरून बसली, पदर नीट केला, आणि सांगू लागली.

“दिवस कलून राहिला होता. मी तांदूळ निवडून राहिले होते. मागल्या दारानं अक्का आली. पाय वले. केस बांधलेले. इरकल नेसलेली, त्या इरकलीचा काठ लाल...”

कंडक्टरनं घंटा मारली. गाडी हलली, फलाट सोडून वळणाला लागली. आम्ही दोघांनी तिकडं बघितलं आणि परत वळलो.

“मग पुढं?” मी विचारलं.